कोथिंबीर आणि वरच्या मजल्यावरची वाटी

साळुबाईचं म्हणणं एकच होतं. कुणाची वाटी आपल्याकडे आली तर ती रिकामी परत जाता कामा नये, आणि तिच्यात जे घालायचं ते आपल्या हातानं पिकवलेलं असावं. आणे गावच्या कोरड्या पठारावर तिचा सगळा जन्म याच रीतीत गेला होता. शेतात काहीच नसलं तर ती बांधावरची तांदुळजाची चार पानं खुडून आणायची, पण वाटी भरूनच धाडायची.

२००१ साली तिचा नवरा वारला आणि मुलगा अमृत तिला नारायणगावला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. फ्लॅट तळमजल्यावर होता, समोर दुसरी इमारत छातीवर उभी, त्यामुळे भर दुपारीही घरात ट्यूब लावावी लागे. सून वृषाली गुणाची होती. तिनं सासूला ओट्याकडे फिरकूसुद्धा दिलं नाही, आणि नेमकी तिथेच चुकली. हाताला काम नाही म्हटल्यावर साळुबाईला जेवण गोड लागेना.

अशात तिसऱ्या मजल्यावरच्या जानकाबाईनं मासवडी पाठवली. जानकाबाई मूळची कळंबची, बौद्ध घरातली. तिची सून प्रज्ञा दवाखान्यात नर्स होती. मासवडी अशी होती की साळुबाईनं रस्सासुद्धा बोटानं पुसून खाल्ला. मग तिनं वाटी राखेनं घासायची म्हणून राख मागितली. राख नव्हती, तेव्हा पावडरीनं घासून लख्ख केली आणि फळीवर ठेवली.

"मी देऊन येते वर," वृषाली म्हणाली. "थोडी साखर घालू का?"

"साखर काय तू पिकिवली? ऱ्हाऊ दे. माज्या हातचं कायतरी घालून मीच दीन."

आता फ्लॅटमध्ये हातचं म्हणजे काय? साळुबाईनं ठरवलं, कोथिंबीर. अमृतनं टोमॅटोचं एक रिकामं क्रेट आणलं. माती आणि शेणखत आण्याहून गोणीत भरून एसटीनं आलं. गोणी सोडल्यावर वृषालीनं घरातल्या सगळ्या उदबत्त्या एकदम लावल्या, पण तोंडानं ब्र काढला नाही. साळुबाईनं गुळगुळीत फरशीवर धने पसरले, चपलेखाली रगडून एकेकाच्या दोन डाळी केल्या, क्रेटमध्ये पेरले आणि क्रेट ओट्यावरच्या खिडकीत ठेवलं.

कोथिंबीर उगवली झकास. पण साळुबाईला पठाराची सवय नडली. तिकडे ऊन हवं तेवढं आणि पाण्यासाठी कोसभर पायपीट. पाणी असतं तर आपण काय पिकवलं नसतं, हे ती लग्न झाल्यापासून म्हणत आली होती. इथे नळ फिरवला की धार. मग काय, जाता तांब्या, येता तांब्या. सगळी रोपं मुळाशी कुजून आडवी झाली.

तिनं दुसऱ्यांदा पेरलं, पाणी बेतानं दिलं. या वेळी काड्या आल्या त्या पांढुरक्या, लांबट, खिडकीकडे माना काढून बसलेल्या. साळुबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"हितं पानी हाय, पन ऊन न्हाई," ती म्हणाली. "आमच्या आन्याच्या समदं उलटंच की."

"आई, बाजारात रोज ताजी जुडी येते हो."

"येऊ दे की."

त्या दिवसापासून ती क्रेट घेऊन उन्हामागे फिरू लागली. सकाळी दाराच्या उंबऱ्यात, मग जिन्याच्या पायरीवर, मग बाथरूमच्या झरोक्याखाली. तिचे गुडघे कुरकुरायचे आणि ती त्यांना शिव्या घालायची. काड्या काही जाड होईनात. इकडे वाटी महिना उलटला तरी फळीवरच होती.

एका संध्याकाळी वृषाली बाहेरून आली ती चेहरा पाडून.

"जिन्यात प्रज्ञाताई भेटल्या. जानकाबाईंनी सांगितलंय म्हणे, वाटी राहू द्या तुमच्याकडंच."

"भली बाई हाय," साळुबाई म्हणाली.

वृषाली खाली मान घालून पोळ्यांची कणीक काढत राहिली. मग साळुबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिच्या सासरी वळचणीला एक फुटक्या कानाचा कप वेगळा ठेवलेला असायचा. खालच्या वस्तीतलं कुणी कामाला आलं की नवी नवरी साळुबाई त्या कपात वरून चहा ओतायची. कप ज्याचा त्यानं विसळून परत तिथंच पालथा घालायचा. जानकाबाईला वाटलं असणार, हिनं आपली वाटी टाकून दिली.

तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर क्रेट, हातात वाटी, आणि तीन मजले चढून गेली. मध्ये दोनदा जिन्यात टेकली, पण वृषालीला हात लावू दिला नाही.

जानकाबाईनं दार उघडलं. तिनं आधी वाटीकडे बघितलं.

"आनली व्हय. ठिवा तिथं."

"ठिवाय न्हाई आनली. रिकामी हाय ती," साळुबाई धापा टाकत म्हणाली. "रिकामी द्यायची न्हाई म्हनून ठिवली व्हती, आन भराया ह्ये उगवना. तुमची मासवडी मी बोटं चाटून खाल्ली, आन यिऊन सांगितलं न्हाई. चुकलंच माजं."

जानकाबाईनं दार पुरतं उघडलं.

"माजी आई म्हनायची, कुनाच्या घरात आपलं भांडं अडकलं तर मागाया जायचं न्हाई. लई भांडी सोडली तिनं. मला वाटलं, तुमीबी त्यातल्याच."

"वाटनारच. न वाटाया काय झालं?"

जानकाबाईनं क्रेट उतरून घेतलं आणि आत डोकावली. "ही कोथमीर हाय का शेवया?"

मग मात्र दोघी हसल्या. साळुबाईनं घरात नजर फिरवली.

"तुमच्या घरात ऊन किती येतं?"

"सकाळच्याला हितं फरशीभर असतं. टीव्ही दिसाया पडदा वढून घ्यावा लागतो."

दुसऱ्या दिवसापासून तो पडदा सकाळचा उघडा राहिला आणि मालिकेतल्या बायका उन्हात दिसेनाशा झाल्या. जानकाबाईची त्याबद्दल तक्रार नव्हती. क्रेटशेजारी तिनं डब्यात पुदिना लावला. साळुबाई रोज कण्हत-कुथत तीन मजले चढायची, दोघी माती उकरायच्या, पाण्यावरून भांडायच्या. वाटी मात्र साळुबाईनं त्याच संध्याकाळी खाली नेली होती. भरल्याशिवाय द्यायची नाही म्हणजे नाही.

जुन्या काड्या गेल्या, नव्यानं पेरलेली तरारून आली, हिरवीगार, चुरगळली तर हाताला दिवसभर वास राहील अशी. साळुबाईनं पहिली मूठ खुडली, वाटीत दाबून भरली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

जानकाबाईनं कोथिंबीर ताटलीत काढून घेतली. खिडकीखाली जाऊन पुदिन्याच्या मुळं फुटलेल्या चार काड्या उपटल्या, वाटीत ठेवल्या आणि वाटी परत साळुबाईच्या हातात दिली.

"अवं, मग वाटी?" साळुबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे तुज्याकडंच," जानकाबाई म्हणाली. "भरंल तवा आन."