नऊ पट्ट्या आणि एक नकार

माझ्या बाबांना नाही म्हणता येत नसे. हे कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. अंजूरला आमच्या दारात कोणी पावतीपुस्तक घेऊन आला की बाबा आधी मान डोलवायचे आणि मग कशासाठी ते विचारायचे. एकदा तर एकाच रविवारी तीन गावांच्या क्रिकेट सामन्यांना प्रमुख पाहुणे म्हणून यायचं कबूल करून बसले. तिन्ही ठिकाणी नारळ फोडून घरी आले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि आई जेवायची थांबली होती. तिने त्या दिवशी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा माणसाच्या हाती मी इंटरनेट दिलं. आमच्या शेतावर गोदाम उभं राहिलं, भाडेकरू मेलवर बोलायला लागले, म्हणून घरात कॉम्प्युटर आला. मी भिवंडीला क्लास केलेला, त्यामुळे बाबांना माउस धरायला मीच शिकवलं. त्या काळात कुठलंही पान उघडलं की मध्येच एक चौकट यायची. अमुकतमुक इन्स्टॉल करायचं का? खाली दोन बटणं, डावीकडे हो आणि उजवीकडे नाही. बाबा डोळे झाकून हो दाबायचे.

"बाबा, काय आहे ते वाचा तरी!"

"एवढं इचारतोय तो. न्हाय कसा बोलू?"

तो म्हणजे कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सहा महिन्यांत ब्राउझरच्या माथ्यावर नऊ टूलबार येऊन बसले, एकाखाली एक पट्ट्या. एक हवामान सांगणारा, एक हसरे चेहरे वाटणारा, दोन काहीबाही शोधून देणारे. बाकीचे काय करत होते ते मला आजही माहीत नाही. वाचायला खाली चार बोटं जागा उरली होती. बाबा तेवढ्यातूनच वर-खाली करत मेल वाचायचे आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

मी क्लासच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, ब्राउझर कितीही मजबूत असला तरी वरून चिकटवलेल्या या जोडकामात कुठेतरी भोक राहून जातं आणि त्यातून तिसराच कोणीतरी आत शिरतो. बाबांना मी ते गोदामाच्या भाषेत सांगितलं. "समजा, आपल्या गोदामाला पुढे मोठं शटर आहे, दोन कुलपं आहेत. पण मागच्या भिंतीत ज्याला त्याला आपापलं दार पाडू दिलं, तर?" बाबा माउस पुसायला लागले. मग मला आठवलं की त्यांनी खरोखरच तीन भाडेकरूंना मागे दारं पाडू दिली होती.

त्याच सुमारास मला शेजारच्या वळ गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी लागली, आणि त्याच आठवड्यात पडघ्याचं स्थळ सांगून आलं. माणसं चांगली होती, मुलगाही बरा होता. अट एकच, सुनेने नोकरी करायची नाही. मी बाबांना स्पष्ट सांगितलं, मला हे लग्न नको, मला वळला कामाला जायचंय. "बरोबर हाय तुझा," बाबा म्हणाले. संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा त्यांनाही म्हणाले, "बरोबर हाय तुमचा." रविवारी साखरपुड्याची तारीख धरायला मंडळी येणार असं ठरलं. मी बाथरूमचं दार लावून रडले, आणि रडून झाल्यावर बाबांचा भयंकर राग आला.

रागातच मी त्यांची शिकवणी सुरू केली. चौकट आली की उजवीकडचं बटण दाबायचं, बस्स. रविवारच्या आत या माणसाला एकदा तरी नाही म्हणता यायला हवं होतं. बाबा बाण बटणावर न्यायचे आणि तिथेच अडायचे.

"वाईट वाटंल त्याला."

"कॉम्प्युटरला?"

"ज्यानी पाठवलाय त्याला."

गुरुवारी त्यांनी आयुष्यातला पहिला नकार दाबला आणि टॉवेलने कपाळ पुसलं. पण आधीच्या नऊ जणांपैकी कोणाच्या तरी भोकातून काम व्हायचं ते झालं होतं. शुक्रवारी बाबांच्या नावाने त्यांच्या मेलच्या यादीतल्या झाडून सगळ्यांना एक इंग्रजी मेल गेली: टक्कल पडतंय? लाजू नका, इथे दाबा. मुलाची माहिती मेलवरच आली होती, त्यामुळे यादीत पडघ्याच्या मुलाचे वडीलही होते, आणि त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता स्थळ आपोआप मोडेल, कोणाला काही बोलावंही लागणार नाही. बाबाही दोन दिवस हलके झाल्यासारखे वावरत होते.

रविवारी पडघ्याची सात माणसं पेढे घेऊन हजर! चहाचा पहिला घोट घेऊन मुलाचे वडील म्हणाले, "पाव्हणं, आजवर आमच्या डोक्याची एवढी काळजी कोनी केली न्हवती."

बाबा कसंनुसं हसले.

"मी लगेच दाबला. तुमी पाठवलेला, मग न्हाय कसा बोलणार? आता आमच्या कॉम्प्युटरवर पन कसल्या कसल्या पट्ट्या आल्यात."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हे तर दुसरे बाबाच समोर बसले होते. त्यांचा मला रागही धरता येईना, आणि त्यामुळे धीर आणखीच सुटला. त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला. "मंग तारीख धरू ना?"

बाबांची मान हलायला लागली. ती मान मी जन्मापासून ओळखत होते. अर्ध्यावर ती थांबली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मांडीवर ठेवलेला त्यांचा हात हळूहळू उजवीकडे सरकला.

"न्हाय," बाबा म्हणाले. "पोरीला कामाला जायचाय. तिच्या मनात न्हाय, म्हनून न्हाय."

मुलाच्या वडिलांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "चहा तरी संपवू ना?"

"हो, हो, हो," बाबा म्हणाले.

मंडळी गेली. बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी कॉम्प्युटर लावला आणि टूलबार काढायला बसले. बाबा मागे येऊन उभे राहिले. प्रत्येक टूलबार जाता जाता विचारत होता, खरंच काढायचं का? नक्की?

"दुसऱ्यांदा कशाला इचारतंय?"

"माणसाचं मन बदलतंय का ते बघतात."

चौथी पट्टी गेली, पाचवी गेली.

"बरा झाला," ते म्हणाले, "पाव्हण्यांनी मना दुसऱ्यांदा न्हाय इचारला."