हवालदाराचा बूट आणि यशोदाबाईचा बिबडा

यशोदाबाईला सही करता येत नव्हती, पण अटकेची कलमं तिला तोंडपाठ होती. तालुक्याच्या कोर्टाबाहेर चौदा वर्षं चहाची टपरी चालवली की आणखी काय होणार? वकील चहा प्यायचे नि भांडायचे. ही दूध ओतता ओतता ऐकायची.

दोंडाईच्याजवळचं गाव. नाव नको, सोयरिकी निघतात. सत्त्याऐंशी सालचा चैत्र. त्या सोमवारी तिने टपरी बंद ठेवली होती, कारण धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते. आळीतल्या वीस बायका ज्वारीचा गरम घाटा ओल्या धोतरावर थापत होत्या आणि कोणाच्या सुनेचं काय चाललंय तेही थापत होत्या. नवरा कौतिक पातेलं वर आणून देत होता. तेवढ्यात दहाच्या सुमारास जीवराम हवालदार शिडी चढून आला आणि त्याचा बूट थेट एका ओल्या बिबड्यात.

"चुडामण पाटलाच्या विहिरीवरची पाण्याची मोटार गेली. चल चौकीत."

बायकांनी गलका केला. कौतिकला जीवरामने दंडाला धरून शिडीकडे ओढलं. कौतिक पाटलाच्या मळ्यात पाणी भरायचा, एवढाच त्याचा गुन्हा. यशोदाबाई शिडीवरून ओरडली, "अहो, कोठेच अंगठा देऊ नका. चोवीस तासमा कोर्टात नेनंच पडी त्यास्ले."

जीवराम हसला. "वकीलीणबाई, तुम्ही बिबडे थापा."

मंगळवारी दहा वाजले, कौतिकचा पत्ता नाही. ती चौकीत गेली, तर जीवराम म्हणाला, "कोण कौतिक? आम्ही नाही आणला." कागदावर तो आतच नसेल, तर त्याला मारून काहीही कबूल करून घेता येईल. ती तडक लीलाधर वकिलांकडे गेली. उधारीवर चौदा वर्षं चहा प्यालेला माणूस नाही कसं म्हणणार? दुपारपर्यंत अर्ज न्यायाधीशांपुढे गेला. हुकूम निघाला, उद्या हजर करा.

बुधवारी बारा वाजता कौतिक हजर झाला. पोलिसांचा कागद म्हणत होता, आज पहाटे सहाला अटक, मोटार शोधायला सात दिवस कोठडी द्या.

कोर्टात बायका अशा दाटल्या होत्या की शिपायाला दार सापडेना. न्यायाधीशांनी विचारलं, "परवा उचलला याला पुरावा काय?"

यशोदाबाईने पदराखालून ताट काढलं. ताटात बिबडा, बिबड्यावर बुटाचा ठसा.

"साहेब, हाऊ यास्ना बूट शे. घाटा ओला व्हता तवय पडना. दोन उन्हं खाईसनी कडक व्हयना. आज सकाळना राहता तर हातले चिकटता."

आळीतली भिकुबाई मागून म्हणाली, "आम्ही फेकी देत व्हतूत, हिनी ठेवी लिधा. बूटवाला बिबडा कोन खाई?"

न्यायाधीशांनी बोटाने टोचलं, टचकन कोपरा तुटला. त्यांनी तुकड्याचा वास घेतला. त्यांच्या घरीही त्याच आठवड्यात बिबडे झाले असावेत, कारण पुढचं ते फार झटपट बोलले. "हवालदार, पाय वर करा."

जीवरामच्या टाचेची नाल अर्धी तुटलेली. बिबड्यातलीही अर्धीच. सबंध कोर्ट माना उंचावून पाहू लागलं. जीवराम एका पायावर, घामाने निथळत.

"जबाबावर अंगठा दिलास?" न्यायाधीशांनी कौतिकला विचारलं.

"नही साहेब. मुठीच सोडी नही. घरवालीना धाक व्हता."

कोठडी नाकारली गेली. जातमुचलक्यावर कौतिक सुटला आणि पोलिसांकडून खुलासा मागवला गेला. लीलाधर वकील हात चोळत बाहेर आले, जणू बिबडा त्यांनीच थापला होता.

खटला पुढे वर्षभर रेंगाळला. मोटार सापडली ती चुडामण पाटलाच्या मेव्हण्याच्या विहिरीवर, त्यावर गाव सहा महिने जगलं. पण त्या बुधवारी कौतिक पायऱ्या उतरत होता तेव्हा यशोदाबाईला मोटारीचं काही नव्हतं. तिने त्याचा सदरा वर करून पाठ बघितली, वळ मोजायला लागली, आणि मग भर कोर्टाच्या आवारात, वीस बायकांदेखत, पहिल्यांदाच त्याचा हात धरून चालू लागली.