सहा जणींत एक पास

गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात बायका सहा होत्या आणि सिनेमाचा पास एक. गावातल्या जुन्या सिनेमागृहाच्या नोकरांचे कोट हाच कारखाना शिवायचा. तिथल्या मॅनेजरला एकदा ते कोट फार पसंत पडले, आणि दर रविवारी दुपारच्या खेळाला तुमच्यापैकी एका माणसाला फुकट सोडतो, असं तो म्हणून गेला. एका माणसाला. सहा जणींना एक पास देऊन आपण केवढं भांडण लावतोय, हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं.

बायकांनीच मग तोड काढली. पाळीपाळीने एकीने जायचं आणि सोमवारी बाकीच्या पाच जणींना सिनेमा सांगायचा. काही गाळायचं नाही, आणि कुणाला शंका असेल तर तिने आधी आपलं मशीन थांबवायचं, कारण मशिनांच्या खडखडाटात शंका कुणालाच ऐकू जात नसे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण या बायका न पाहिलेल्या सिनेमावर मतं द्यायच्या, आणि तीही अशी ठासून की पाहणाऱ्याने मान खाली घालावी.

"त्याने शेवटी रडायला नको होतं," कॉलर लावणारी म्हणायची.

"रडला कुठे? त्याला रडता येतच नाही. चेहरा हलतच नाही मेल्याचा," बटणवाली मावशी म्हणायची. तिने त्या नटाला जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं.

कटिंगबाईचं डोकं तिथेच फिरायचं. लांब टेबलापाशी उभी राहून कापड कापण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचायचे आणि एकदाच पातं फिरवायचं. पाव इंच चुकलं तर एक कोट बिघडत नाही, चाळीस बिघडतात. त्यामुळे जे आहे तेच आणि जेवढं आहे तेवढंच, ही तिची सवय कापडापुरती राहिली नव्हती. नवऱ्याने "पाच मिनिटांत आलो" म्हटलं की ती घड्याळ बघायची. सिनेमाही ती तसाच सांगायची.

"नायिका स्टेशनवर येते तेव्हा तिच्या कोटाला चार बटणं आहेत. गाडीत बसते तेव्हा तीन. चौथं कुठे गेलं ते शेवटपर्यंत दाखवलेलं नाही. मग तिचं लग्न होतं. संपलं."

"संपलं?" मावशी विचारायची. "अहो, अजून चहाही झाला नाही."

याच्या उलट तिची नणंद. नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आईला घेऊन पलीकडच्या गल्लीत राहायची, आणि याच कारखान्यात काजं करायच्या मशीनवर बसायची. तिचा सिनेमा सोमवारी सुरू व्हायचा तो बुधवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायचा. त्यात माणसं बोलायची, भांडायची, दार आपटून निघून जायची, आणि कुणाच्या मनात काय आहे ते सगळं तिला ठाऊक असायचं. इस्त्रीवालीने एकदा तिचं ऐकता ऐकता डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर इस्त्री तशीच ठेवली, तेव्हा कोट जळला आणि कुणी तिला बोललंही नाही.

एका शनिवारी सुटताना कॉलरवालीने सरळच विषय काढला. "माझं म्हणणं असं, की पाळ्या बंद करू. दर रविवारी काजवाल्या ताईंनीच जावं. आमच्या सांगण्यात काही राम नाही, हे आमचं आम्हालाच कळतं."

ती "आमच्या" म्हणाली खरी, पण पाचही जणींनी बघितलं कटिंगबाईकडे. सोमवारी काय ते ठरवायचं, असं ठरलं.

कटिंगबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा आठवड्यांतून एकदा येणारे ते तीन तास तिचे होते. त्या अंधारात तिला कुणी हाक मारत नसे, भाजी काय करायची विचारत नसे, बाही आखूड झाली म्हणून परत आणून देत नसे. सिनेमा कसाही असो, खुर्ची तिची होती. ती आता जाणार, आणि कशामुळे, तर नणंदेला तिखटमीठ लावता येतं म्हणून. कारण तिखटमीठ होतंच, याबद्दल तिची खात्री होती. इतकं सगळं एका सिनेमात मावूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी नेमकी नणंदेची पाळी होती. कटिंगबाईने पदरच्या पैशांनी तिकीट काढलं, डोक्यावरून ओढणी घेतली आणि नणंदेच्या तीन रांगा मागे जाऊन बसली. सोबत छोटी वही आणि खडूची पेन्सिल. पडद्यावर काय घडतं ते ओळीने लिहून घ्यायचं आणि सोमवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, असा बेत होता. बावीस वर्षं मापं लिहिणाऱ्या बाईला अंधारात लिहायची काय भीती.

सिनेमा दोन भावांचा होता आणि रटाळ होता. एक होडी, पुष्कळ बंदुका, आणि सुरुवातीला एक कुत्रं, जे एकदा भुंकून गेलं ते पुन्हा आलंच नाही. तिने तेही लिहिलं. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा नणंद उठली नाही. तिची मान खुर्चीच्या पाठीवरून एका बाजूला कलली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. सिनेमा संपला, माणसं निघाली, तरी ती तशीच. शेवटी दारावरचा माणूस आला, त्याने तिच्या खांद्याला हळूच हात लावला, आणि ती दचकून उठून, केस सारखे करत, मागे न बघता निघून गेली.

कटिंगबाई त्या माणसापाशी गेली. त्याच्या अंगातला कोट तिनेच कापलेला होता. "त्या बाई झोपल्या होत्या का हो?"

"त्या ताई? त्या नेहमीच झोपतात," तो म्हणाला. "पडद्यावर नावं संपायच्या आत. मी एकदा विचारलं, बरं वाटत नाही का. तर म्हणाल्या, घरी आई अंथरुणाला खिळलीय, दिवसा शेजारीण बघते, पण रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. म्हणून मी पंख्याखालची खुर्ची राखून ठेवतो त्यांना. जाताना मात्र बाहेर लावलेले सिनेमाचे फोटो अगदी नीट बघून जातात."

चोरी पकडली होती. वहीत पुरावा होता. आणि कटिंगबाईला घरापर्यंतचा रस्ता कसा संपला ते कळलं नाही, इतका राग आला होता. आधी नणंदेचा, की ही कधी बोलली का नाही. मग नवऱ्याचा, की हा दर रविवारी सकाळी आईकडे दहा मिनिटं बसून येतो आणि "बरी आहे" म्हणून सांगतो. मग स्वतःचा, आणि तो राग काही केल्या उतरेना. ती स्वतःही जायचीच की, चार संत्री घेऊन, दुपारची. सासूबाई आंघोळ झालेल्या, वेणी घातलेल्या, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. त्यांना असं नीटनेटकं कोण ठेवतं आणि कधी, हा प्रश्न मापं लिहिणाऱ्या बाईला एकदाही पडला नव्हता.

नणंद का बोलली नाही, तेही तिला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी सासूबाई भांडून लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा कटिंगबाई दारात उभी राहून म्हणाली होती, "तुमची आई तुम्हालाच लखलाभ." पाव इंचही इकडेतिकडे नाही, हेच शब्द.

सोमवारी नणंदेने सिनेमा सांगितला. भाऊ नव्हतेच त्यात. एक कुत्रं होतं, रोज धक्क्यावर येऊन बसणारं, आणि होडीतून गेलेला त्याचा मालक. कुत्र्याला कुणी भाकरी टाकली तरी ते उचलायचं नाही, आधी पाण्याकडे बघायचं. मावशीने बटण लावता लावता डोळे पुसले. इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. अनुभवाने शहाणी झाली होती. कटिंगबाईच्या पिशवीत वही होती, आणि वहीत लिहिलं होतं: कुत्रं, एकदाच, भुंकतं.

"मग? ठरवायचं ना?" कॉलरवालीने विचारलं. "कटिंगबाई, तुमचं काय मत?"

नणंद खाली मान घालून दोरा ओवत होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिथे कधीपासून होती कोण जाणे.

"द्या त्यांनाच पास," कटिंगबाई म्हणाली. "मला मेलीला तिथे डासच चावतात."

हात धुवायच्या नळापाशी तिने नणंदेला गाठलं. "वन्सं, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रात्री मी तुमच्याकडे झोपायला येणार आहे. आईंजवळ मी. तुम्ही आतल्या खोलीत, दार लावून."

"वहिनी, तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. का, कशाला, ते मला विचारू नका. मला आधीच खूप राग आलेला आहे."

सासूबाईंनी पहिल्या रात्री तिला बघून "तू कशाला आलीस?" एवढंच विचारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पण कूस तर बदलायलाच हवी होती, आणि ती बदलताना दोघींनाही एकमेकींना धरावंच लागायचं.

आता यातून झालं असं, की नणंदेची झोप होऊ लागली, आणि ती सिनेमागृहात जागी राहू लागली. तिला सिनेमा दिसू लागला. सोमवारी ती सांगायची, "एक पोलीस असतो. तो चोराच्या मागे लागतो. मग गाणं होतं. मग चोर सापडतो." मशिनं चालूच राहायची, शंका कुणाला येतच नसे.

तीन रविवार बायकांनी कळ काढली. चौथ्या सोमवारी कॉलरवाली म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण हल्ली तुमचं सिनेमात लक्ष नसतं." मावशी म्हणाली, हल्लीच्या सिनेमांतच दम राहिलेला नाही, ते कुत्र्याचं होतं तसं आता कुणी काढत नाही. कटिंगबाईला टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. नणंद मात्र हसली, तिने पाळ्या पुन्हा सुरू करायला सांगितलं, आणि पहिली पाळी वहिनीला दिली.

आदली शनिवारची रात्र सासूबाईंजवळ जागून गेली होती. कटिंगबाई खुर्चीत टेकली. नावं सुरू झाली, त्यातलं तिसरं का चौथं नाव ती वाचत होती, आणि मग दारावरचा माणूस तिच्या खांद्याला हात लावून म्हणत होता, "बाई, संपला." वर बघितलं तर पंखा होता. खुर्ची कोणती मिळाली होती ते तेव्हा तिच्या लक्षात आलं.

बाहेरचे फोटो बघायचंही तिला सुचलं नाही.

सोमवारी पाच जणी वाट बघत होत्या. वाट कसली, लवकर उरकेल म्हणून निवांत होत्या. कटिंगबाईने पातं खाली ठेवलं. झोप लागली, असं सरळ सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि समोर काजांच्या मशीनमागून नणंद तिच्याकडे बघत होती.

"एक म्हातारी असते," कटिंगबाई म्हणाली. "अंथरुणावर पडून असते. तिची सून रात्री तिच्याजवळ झोपायला येते. दोघींचं नऊ वर्षं पटलेलं नसतं."

एक मशीन थांबलं.

"म्हातारी रात्रभर सुनेला बोलते. तुझे हात गार आहेत म्हणते. तू उशी नीट ठेवत नाहीस म्हणते. माझ्या लेकीला जमतं ते तुला सात जन्मांत जमायचं नाही म्हणते. सून गप्प राहून कूस बदलते, कारण बोलली तर भांडण होईल आणि आत लेक झोपलेली असते."

आता सगळी मशिनं थांबली होती. मावशीची सुई बटणात अर्धी जाऊन तशीच राहिली होती.

"मग?" नणंदेने विचारलं.

"मग एकदा पहाटे सून बसल्या बसल्याच झोपते. जाग येते तेव्हा तिच्या अंगावर पांघरूण असतं. म्हातारीला एकच हात हलवता येत असतो. तिने आपलं पांघरूण त्या एका हाताने किती वेळ ओढत आणलं असेल कोण जाणे. सून उठून तिच्याकडे बघते, तर म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणते, घोरतेस फार."

नणंदेने चष्मा काढला आणि ती काजांच्या दोऱ्याची रिळं उगाच सरळ करत राहिली. शेवटी कॉलरवालीनेच मान हलवली.

"छान सांगितलंत हो, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. पण सासूचं काही पटलं नाही मला. नऊ वर्षं भांडलेली बाई असं कधी करेल का? खोटं वाटतं ते."

कटिंगबाईने पातं उचललं. या बायकांना न पाहिलेल्या गोष्टींवर मत देऊ नये हे कधी कळणार होतं, कोण जाणे.

"मी काय करू?" ती म्हणाली. "आहे तसं सांगितलं."