शिवलेली पानं

गेल्या महिन्यातला दुसरा रविवार. जमलेली रक्कम सात हजार चारशे रुपये. हजर : कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार, आणखी चार सभासद आणि मी. विषय, माझी थोरली बहीण आक्का हिच्या श्रद्धांजलीचा फलक. तिला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली, ती उठलीच नाही... दहा बाय सहा फुटांच्या त्या फलकावर तिचा फोटो आधार कार्डावरून घेतलेला, तळहाताएवढा. मंडळाच्या अकरा जणांचे त्याहून मोठे. मी वर्गणी दिली नाही. का, ते लिहितो.

आक्का कोर्टात स्टेनो होती. नोकरीभर लोकांच्या साक्षी टाइप केल्या. निवृत्त झाल्यावर तिनं पुढच्या खोलीत लहान मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं मांडली. शिकवणी नव्हती, फी नव्हती. मुलं यायची आणि आधी शेवटचं पान उघडून बघायची. मग आक्कानं सुईदोरा घेतला आणि प्रत्येक पुस्तकाची शेवटची तीन-चार पानं कच्च्या टाक्यांनी शिवून टाकली. पुढं काय होणार ते मुलानं सांगायचं, आणि असं कशावरून वाटतं ते पानावर बोट ठेवून दाखवायचं, मगच ती दोरा कापायची. अंदाज चुकला तरी कापायची. नुसतं ओरडणाऱ्याला मात्र पान मिळायचं नाही. पोरं घरी गेली की पुन्हा शिवायची.

मी तिला म्हटलं होतं, ‘‘डोकंच चालवायचंय पोरांचं, तर गणितं घाल की.’’

‘‘गणितात उत्तर जुळलं की पोरगं थांबतं रे,’’ ती म्हणाली. ‘‘गोष्टीत दुसऱ्याच्या मनात शिरावं लागतं.’’

समोरच्या घरातली स्वरा दुसरीत आहे. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून शाळेनं तिच्या आईला दोनदा बोलावलं होतं. एका गोष्टीतली मुलगी अनवाणी घरी येते आणि चप्पल देवळात हरवली म्हणून सांगते. सगळी पोरं ओरडली, ‘‘खोटारडी हाय ती!’’ आक्का म्हणाली, ‘‘कशावरून?’’ स्वरानं पानं मागं उलटली, चौथ्यावर बोट ठेवलं. तिथं मैत्रिणीची चप्पल तुटली होती. ‘‘हिनं आपली तिला दिली आसंल. खरं सांगितलं तर आई परत मागायला जाईल की. मग मैत्रिणीला लाज वाटंल.’’ आक्कानं कात्री तिच्याच हातात दिली.

मोठ्यांना हे सोसवेना. अध्यक्ष एकदा दारात उभे राहून म्हणाले, ‘‘आक्का, नातू आता मलाच विचारतोय, कशावरून म्हणून. वळण बिघडवलासा पोरांचं!’’

‘‘मग सांगा की त्याला. ठाऊक नसलं तर तसं सांगा.’’

आता हेच अध्यक्ष फलकावर हात जोडून उभे आहेत. तेही मी सोडून दिलं असतं. पण त्या रविवारी फलकाचं ठरल्यावर ते म्हणाले, ‘‘आणि एक काम आमी आधीच केलंय. पुस्तकं लई खराब झालती, पानंच शिवल्याली. कुणी म्हणालं, करणी-बिरणी आसंल. मंडळाची पोरं लावून सगळी कापून मोकळी केली. आता वाचनालयाला देऊया.’’

खोलीची किल्ली तेराव्याच्या कार्यासाठी मीच त्यांना दिली होती. जाऊन पाहिलं. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे... एकाही माणसानं विचारलं नव्हतं की ही पानं शिवली कशासाठी? पुस्तकं पुढ्यात होती, मुलं शेजारच्या घरांत होती, विचारायला कितीसा वेळ लागला असता? करणी म्हणायला पुरावा लागला नाही. शाळेच्या सभेत हीच माणसं ‘मुलं विचार करत नाहीत’ म्हणून हळहळतात.

दुसऱ्या दिवशी स्वरा आली. न वाचलेलं एक पुस्तक उचललं, शेवटचं पान उघडलं, बघितलं, ठेवून दिलं. ‘‘संपलं,’’ म्हणाली आणि गेली. दोन मिनिटंही बसली नाही. मला एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता.

पुस्तकं मी वाचनालयाला जाऊ दिली नाहीत. गल्लीच्या टोकाला फॉल-पिको करणाऱ्या सुमनवहिनींकडं नेली. त्या हसल्या. ‘‘साड्या सोडून पुस्तकं व्हय भाऊजी?’’ मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई ओवली. चौथं-पाचवं पुस्तक शिवता शिवता त्या पुढची पानं वाचू लागल्या, आणि हात थांबला. ‘‘हा म्हातारा काय परत येत न्हाय बघा.’’

माझ्या तोंडून आपोआप गेलं, ‘‘कशावरून?’’

वहिनींनी पानं मागं उलटली. बोट ठेवायला जागा शोधू लागल्या...

खोली आता संध्याकाळी पाचला मी उघडतो. कात्री आक्काच्याच खिळ्याला आहे. स्वरा परवा येऊन टाके ओढून बघून गेली, काल बसली.

शेवटी मी पैसे दिले ते असे : फलकाला काही नाही. सुमनवहिनींना शिलाईचे दोनशे ऐंशी. म्हाताऱ्याचं पुस्तक त्यांनी अजून परत दिलेलं नाही.