फिलोमिना मॅडमचं बंद न झालेलं सेशन

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी कंप्युटरवाला माणूस... काही बिघडलं तर त्याला कारण असतंच, एवढंच मला ठाऊक. इथे मला कोणी ओळखत नाही, म्हणून लिहितोय.

२००६-०७ च्या सुमारास मी फुलपाड्यात राहायचो आणि वसईतल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात कंप्युटर सांभाळायचो. एकच सर्व्हर. सगळे आपापल्या टेबलावरून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करायचे. लोक लॉग ऑफ न करताच घरी जायचे, सेशन्स, म्हणजे त्यांची उघडी कामं, सर्व्हरवर तशीच चालू आणि सर्व्हर हैराण. म्हणून एका सोमवारी मी सेटिंग बदललं — कनेक्शन तुटलं की सेशन आपोआप लॉग ऑफ. कोणाला सांगितलं नाही.

जवळच्या गास गावच्या फिलोमिना मॅडम आमच्याकडे क्लार्क होत्या. त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. ती आठवतील तशी लग्नाची जुनी गाणी म्हणायची, त्यांच्या घरच्या बोलीतली. मॅडम ती ऐकून यायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत टाइप करायच्या. मंगळवारी त्या टाइप करत असताना लोडशेडिंग झालं. सर्व्हर यूपीएसवर होता, टेबलावरची मशिन्स नव्हती. एरवी वीज आली की काम होतं तिथेच सापडायचं. त्या दिवशी काहीच नव्हतं.

"अरे, माझी चारही गाणी गेली रे!"

मला लगेच कळलं, माझ्या सेटिंगमुळे. तरी सगळ्यांसमोर म्हणालो, "मॅडम, तुम्ही सेव्ह केलं नसेल."

"नाही केलं... वीज आली की असतं ना तिथेच, म्हणून. मला परत तशीच्या तशी आठवणार नाहीत, आणि आईला आता विचारता पण येणार नाही. कालपासून तिची वाचाच गेलीय." मग हळूच म्हणाल्या, "माझंच चुकलं."

मी माझ्या टेबलाकडे वळलो. नंतर गुपचूप टेम्पररी फाइल्स शोधल्या, काही मिळालं नाही. आठवड्याभरात त्यांची आई वारली.

महिन्याभराने, भर दुपारी, मी सर्व्हरवरची सेशन्स बघत होतो. यादीत मॅडमचं नाव — डिस्कनेक्टेड, म्हणजे कनेक्शन तुटलेलं पण सेशन चालूच. सुरू झाल्याची वेळ त्याच मंगळवारची. हे शक्यच नव्हतं. माझं सेटिंग असं सेशन ठेवतच नाही, आणि मधल्या काळात मी सर्व्हर दोनदा रिस्टार्ट केला होता! पासवर्ड मीच दिलेला होता. त्यांच्या नावाने आत शिरलो. वर्ड उघडंच. चार गाणी. शेवटच्या ओळीपाशी कर्सर लुकलुकत होता...

"येऊ का आत?"

दारात मॅडम. हातात सुकेळीचा, सुकवलेल्या केळ्यांचा पुडा. "चर्चमध्ये आईच्या महिन्याच्या मिस्साला आले होते सगळे. हे तुझ्या मुलांसाठी."

मी झटकन स्क्रीनवरची खिडकी बंद केली. म्हणजे कनेक्शन तोडलं. पुढचं काम माझ्या सेटिंगने केलं.

"काय झालं रे? घाम फुटलाय तुला."

"काही नाही, मॅडम."

त्या गेल्यावर पुन्हा लॉग इन केलं. कोरं. यादीतही काही नाही, सर्व्हरच्या लॉगमध्येही नाही.

ते सेशन महिनाभर कसं राहिलं, हे मी मोठमोठ्या जाणकारांना विचारलंय. कोणाकडेच उत्तर नाही. पण मला छळतं ते वेगळंच. सेव्ह करायला एक सेकंद लागला असता. घाबरलो म्हणून बंद केलं, असं मी बायकोला सांगितलंय. खरं तर त्यांनी स्क्रीनवर ती गाणी पाहिली असती, तर ती गेली कशी हे विचारलं असतं आणि चूक माझ्या सेटिंगची होती ते कळलं असतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं.

मॅडमना मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.