पुट्टी भरलेले ब्रेक

रेल्वेत मी इतकी वर्षं काढली, पण गाडी थांबवायलाही अक्कल लागते हे मान्य करणारा साहेब मला भेटला नाही. सगळ्यांना घाई ती सोडायची. मीही त्यांच्यातलाच. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या लाइनीवरच्या एका यार्डात मी डब्यांच्या देखभालीचा सुपरवायझर होतो. यार्डाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून चहा पाजतात.

माझ्या हाताखाली एक जुने फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. ते लोह्याचे, म्हणजे जिथे रेल्वे पोचलेलीच नाही तिथले. जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या आणि घरी गेले जीपने. ते भरती झाले तेव्हा छोट्या लाइनीवर व्हॅक्यूमचे ब्रेक होते. गळती शोधायला धुमसती चिंधी घेऊन नळीच्या कडेकडेने फिरायचं, धूर आत ओढला गेला की सापडली. पुढे लाइन मोठी झाली, हवेचे ब्रेक आले, आणि खात्याने मामांना तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्यातला एक दिवस उद्घाटनात गेला आणि एक समारोपात. तरी ते शिकले, कारण मामा वर्गात बसून नाही, डब्याखाली उताणं झोपून शिकायचे. आता चिंधीच्या जागी साबणाचं पाणी आलं. सांध्याला लावायचं, फुगे आले की समजायचं.

हवेचा ब्रेक तसा सरळ आहे. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत नळीत हवा भरलेली असते तोवर ब्रेक मोकळे. ती कमी झाली की ब्रेक लागतात. पुन्हा भरली की प्रत्येक डब्याखालच्या व्हॉल्व्हच्या एका बारीक भोकातून सिलिंडरमधली हवा फुस्स करून बाहेर पडते आणि चाकं सुटतात. भोक करंगळीच्या नखाएवढंही नसेल, पण ते उघडं असल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

एकदा लातूरला जाणाऱ्या एका नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायला एक पुढारी आणि आमचे मोठे साहेब येणार असं ठरलं. वरून हुकूम आला, गाडी चकाचक पाहिजे. मोठे साहेब वाकून डब्याखाली बघतात अशी त्यांची ख्याती होती. त्यांना तिथे काय दिसावं हे मी ठरवलं: रंग. काम ठेक्याने घरं रंगवणाऱ्या माणसांना दिलं. ती आपल्या कामात पक्की. भिंत असो की डबा, आधी भोकं बुजवायची, मग घासायचं, मग दोन हात मारायचे. शेवटच्या तीन डब्यांखाली त्यांनी फार मन लावून पुट्टी भरली.

मामा आदल्या दिवशी म्हणाले होते की एकदा ब्रेक टाकून बघू. मी म्हणालो, रंग ओला आहे, हातांचे ठसे उमटतील, उद्या बघू. रंग सुकला नाही म्हणून ब्रेकची चाचणी पुढे ढकलणारा मी बहुधा एकमेव सुपरवायझर असेन. नसेनही.

दुसऱ्या दिवशी मांडव, सनई, हार सगळं झालं. प्रवासी डब्यांत बसले. इंजिन जोडून चाचणी घेतली तेव्हा ब्रेक उत्तम लागले, पण शेवटचे तीन डबे सुटेनात. मामा खाली शिरले आणि बाहेर आले ते बोटावर पांढरी भुकटी घेऊन. त्यांनी ते बोट मला दाखवलं.

तिकडे पुढाऱ्यांचं भाषण संपत आलं होतं, जे एरवी कधी होत नाही. मोठे साहेब घड्याळ बघत होते. मी मामांना बाजूला घेऊन म्हणालो की तिन्ही व्हॉल्व्ह बंद करा, हवा हाताने सोडून द्या, डबे नुसते ओढत जाऊ द्या, पुढचं लातूरवाले बघतील. असा डबा छान पळतो, फक्त त्याला ब्रेक नसतो. सगळे ब्रेक ठीक असल्याच्या प्रमाणपत्रावर सही माझी लागणार होती, आणि मी पेन काढलंही होतं.

मामा म्हणाले, "साहेब, माणसं बसल्यात त्यात. मी न्हाई करणार."

मग त्यांनी लाल झेंडा उचलला, इंजिनासमोर रुळांमध्ये रोवला आणि पुन्हा डब्याखाली शिरले. आमच्याकडची रीत अशी की गाडीखाली काम करणारा झेंडा लावतो आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. मोठ्या साहेबांनाही हात लावता येत नाही. पुढाऱ्यांनी हिरवा झेंडा दोनदा हलवला, फोटो काढून घेतले, तिसऱ्यांदा हलवला. गाडी आपली उभी. सनईवाल्यांचा गाण्यांचा साठा संपला म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मामा पोती शिवायच्या दाभणाने एकेक भोक उकरत होते. चाळीस मिनिटांनी तिसऱ्या डब्याखालून फुस्स झालं. मामा नवा रंग अंगभर माखून बाहेर आले आणि त्यांनी झेंडा काढला.

उशिराची चौकशी लागली. मामांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. जन्मभराच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक डाग नव्हता, आणि त्याबद्दल समारंभात प्रमाणपत्र मिळणार म्हणून लोह्याहून सगळं घर यायचं होतं. चार्जशीट लागली की ते मिळत नाही. पुट्टीचं लिहिलं असतं तर चार्जशीट मला लागली असती. मी अहवालात लिहिलं, "कर्मचाऱ्याने ऐन वेळी काम काढल्यामुळे विलंब." एकही शब्द खोटा नव्हता; त्यात मी तरबेज होतो. त्याच आठवड्यात उत्कृष्ट रंगकामाबद्दल यार्डाला ढाल मिळाली. ती मीच घेतली.

चार्जशीटही मामांच्या हातात मलाच द्यावी लागली. इंग्रजीत होती. ते म्हणाले, वाचून सांगा. मी मराठी करून सांगितली. त्यांनी चष्मा पुसत सगळी ऐकली.

"उशीर मीच केला, खरं हाय," ते म्हणाले. "पुट्टीचं न्हाई लिव्हलं?"

"नाही."

"बरं केलं. माझे तीन हप्ते ऱ्हायले. तुमची नोकरी लई बाकी हाय."

आणि त्यांनी सही केली. शिव्या दिल्या असत्या तर त्या दिवशी मला घरी जाऊन जेवता तरी आलं असतं.