एका लिटरचे साडेपाच पव्वे

डॉक्टरांनी बाबांना दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. एक लिटर म्हणजे सगळं धरून: चहा, वरण, ताक, गोळीबरोबरचा घोट. त्यांच्या किडन्या थकल्यात. जास्तीचं पाणी फुफ्फुसात उतरतं आणि माणूस श्वास शोधत बसतो. हे सगळं पांढरकवड्याच्या मे महिन्यात, जिथे कूलरलाही दिवसातून दोनदा पाणी पाजावं लागतं.

बाबा पूर्वी हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवत. त्यांची मापं ढाब्यावरची, दारूच्या बाटल्यांची. "म्हणजे साडेपाच पव्वे, वर एक घोट," ते लगेच म्हणाले. "खंबाभर दुपारपर्यंत, पव्वा रातीले, उरलं ते गोळ्याले." पव्वा एकशेऐंशी मिलीचा, खंबा साडेसातशेचा, मी जुळवून पाहिलं, हिशेब बरोबर होता.

मी सकाळी लिटरची बाटली भरते. ते चहा प्याले की तेवढंच पाणी बाटलीतून कूलरमध्ये ओतते. उरलं ते त्यांचं. दिवसभर मी त्या बाटलीभोवती घिरट्या घालते, एका जागी बसवत नाही.

तरी डायलिसिसला यवतमाळला गेलो की काट्यावर वजन जास्तच. पाय सुजलेले.

"बाबा, चोरून पिता ना तुम्ही?"

"घरात थेंब नाही पेलो जास्तीचा!"

घरात नाही. मग बाहेर! संध्याकाळी ते ओळखीच्या चार घरी टेकायला जात. आमच्याकडे पाहुणा बसायच्या आत पाणी येतं, आणि ते परत पाठवलं तर घरच्या बाईला लागतं. बाबांनी एकाही घरी नाही म्हटलेलं नव्हतं. पेला अडीचशेचा, चार घरांत दुसरा लिटर.

मी तडक निघाले आणि चारही घरी सांगून आले, माझ्या बापाला पाणी देऊ नका.

पुढच्या खेपेला वजन बरोबर भरलं. नर्सनं मला शाबासकी दिली. बाबांनी मात्र बाहेर जाणंच सोडलं. चप्पल घालायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे.

"काहून जात नाही?" मी वैतागून विचारलं.

"दोस्ताकडे गेलतो. किती वेळ बसलो. कोणी पाण्याचं इचारलं नाही," ते म्हणाले. "अनोळखी ड्रायव्हरलेही इचारतात, पोरी."

मला रागच आला. यांचा जीव सांभाळू की मान? तरी दुसऱ्या दिवशी मी त्या दोस्ताच्या बायकोकडे गेले.

"काकू, पाणी इचारत जा त्यांना. नुसतं इचारा."

"अन् हो म्हटलं त्यांनी तर?" काकूंनी घाबरून विचारलं.

संध्याकाळी मीच बाबांना जायला सांगितलं. ते गेले, आणि मी घरात येरझाऱ्या घालत राहिले. पोळी करपली. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. ते आले तेव्हा ओठ सुकलेले होते, पण चेहरा कितीतरी दिवसांनी सैल होता.

"वहिनीनं पाणी आणलं होतं," ते म्हणाले. "मीच नको म्हटलं."

मला त्या वेळी त्यांच्या हातात अख्खा तांब्या द्यावासा वाटला.